मोरीसाठी नेसलेलं पातळ

आमच्या सोसायटीत यंदा सगळ्यांनी एकाच रंगाचे आकाशकंदील लावायचे असं ठरलं आणि ते सांगायला सेक्रेटरी माझ्या दारात आले. म्हणाले, काकू, तुमच्याकडे यंदा नसणारच, तेव्हा तुमच्या गॅलरीतला हूक वरच्या मजल्यावाल्यांच्या माळेला वापरला तर चालेल ना? मी म्हटलं, वापरा. आमचे हे फाल्गुनात गेले. तो हूक ह्यांनीच ठोकला होता, मला खाली स्टूल धरायला लावून आणि स्टूल हललं म्हणून माझ्यावर खेकसून. आता त्याला दुसऱ्याची माळ लटकणार आणि मी तिच्या उजेडात बसून टीव्ही बघणार.

त्यात फराळ. दुःखाच्या घरी पहिल्या वर्षी कढई चढवायची नाही, तळणाचा वास घरातून येता कामा नये, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आणून द्यायचं, ही रीत माझ्या माहेरीही आहे आणि ती चांगली आहे. पण पुण्यात डबा देणारी बाई दाराबाहेर उभी राहते, मान तिरकी करते, आवाज खाली आणून "कसं चाललंय?" विचारते आणि उत्तर यायच्या आत लिफ्टचं बटण दाबते. माझ्या टेबलावर इतक्या घरच्या चकल्या जमल्या की कुठली कुणाची ते कळेना, आणि त्यातली एक धड कुरकुरीत असेल तर शपथ. मेलेल्या माणसाच्या घरी मऊ पडलेलीच द्यायची असते की काय कोण जाणे.

मुलगी नागपूरला असते. ती म्हणाली, आई, इकडे ये. पण तिच्या सासूच्या सणात मी मोकळं कपाळ घेऊन चार दिवस कुठं कुठं लपत फिरू? जावयांचं आणखी निराळंच. ह्यांची स्कूटर विकून टाकू या म्हणून ते पावसाळ्यापासून माझ्या मागे लागलेत. मला स्कूटर चालवता येत नाही हे खरं आहे. मी रोज सकाळी पार्किंगमध्ये जाते, खटका दाबून ती सुरू करते, थोडा वेळ तशीच चालू ठेवते आणि बंद करून वर येते. नाहीतर बॅटरी उतरते. धूर होतो म्हणून तळमजल्यावाल्यांची तक्रार आहे, ती असू दे.

अशात बारामतीजवळच्या पणदऱ्याहून माझ्या धाकट्या भावाचा, हणमंताचा फोन आला. त्याची बायको शेवंता वैशाखात गेली, म्हणजे ह्यांच्या पाठोपाठच. एका उन्हाळ्यात आम्ही दोघं बहीणभाऊ रिकामे झालो. हणमंता म्हणाला, "आक्का, हिकडं ये. तुज्या घरी बी दिवाळी न्हाय, माज्या घरी बी न्हाय. दोन न्हाय एका जागी बसूया."

वॉचमनला स्कूटर सुरू करायचं बजावून मी पिशवी भरली.

वसुबारस, पणदरे

बारामतीला कुणी फिरायला जात नाही. लोक शेतीची प्रात्यक्षिकं बघायला जातात, नाहीतर कामं करून घ्यायला जातात. त्यामुळे हे प्रवासवर्णन वाचून कुणाला तिकडे जावंसं वाटेल अशी मला आशा नाही. एसटी स्टँड मात्र बघण्यासारखा आहे. इतका मोठा आणि चकचकीत की मोडकी बस आत शिरताना तिचीच आपल्याला लाज वाटते. हणमंता मोटारसायकल घेऊन आला होता. मला बघून तो हसला नाही की रडला नाही, पिशवी टाकीवर ठेवली आणि म्हणाला, "नीट धर." त्याचं वजन बरंच उतरलं होतं. सदरा अंगावर टांगल्यासारखा दिसत होता.

एमआयडीसीवरून जाताना कारखान्यांची पाळी सुटली होती आणि मोटारसायकलींचे लोंढे मिठाईचे खोके पुढे घेऊन निघाले होते. मग ऊस लागला. दोन्ही बाजूंना ऊस, मधे कालव्याचं पाणी, आणि कडेला तोडणीवाल्यांच्या टोळ्यांच्या नव्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या. ती माणसं आपलं घर सोडून दिवाळीला दुसऱ्याच्या फडात आलेली. मी त्यांच्याकडे बघत होते तेवढ्यात गचका बसला आणि माझी एक चप्पल कालव्यात गेली. हणमंताने गाडीसुद्धा थांबवली नाही. म्हणाला, शेवंताच्या हायेत घरी. शेवंताचं पाऊल माझ्यापेक्षा लहान होतं. तिथे होते तेवढे दिवस माझ्या टाचा मागून बाहेर राहिल्या.

वस्तीवर पोचलो तेव्हा शेजारच्या दारात गाय-वासराची पूजा चालली होती. आमच्या गोठ्यात एकच म्हैस, मोरी, आणि तिचं रेडकू. वसुबारसेला म्हशीला कोण विचारतं? दूध ती जास्त देते, तूप तिचं खातात, पण ओवाळायला गाय. मी हणमंताला तसं म्हटलं तर तो नुसता "हं" म्हणाला आणि धार काढायची वेळ झाली म्हणून घरात गेला.

बाहेर आला तो शेवंताचं जांभळं सुती पातळ नेसून.

नेसून म्हणजे पायजम्यावरून गुंडाळलेलं, पण पदर पद्धतशीर डोक्यावरून घेतलेला. तोंडावर पांढऱ्या मिशा. मी पायरीवर बसले होते. मला जे हसू फुटलं ते आवरेना. ह्यांच्यामागे मी तशी पहिल्यांदाच हसत होते, आणि हसता हसता मला स्वतःचाच राग आला. हणमंता थांबला नाही. त्याने रेडकू सोडलं, म्हशीला चुचकारलं, रेडकू बाजूला बांधून बसला, आणि पदराआडून बादलीत धारांचा आवाज यायला लागला.

मग त्याने सांगितलं. शेवंता गोठ्यातच छातीत कळ येऊन पडली. वीस वर्षं या दावणीच्या म्हशींना तिचाच हात. ती गेल्यावर मोरी कुणाला जवळ येऊ देईना. पान्हा चोरायची, लाथा झाडायची, कास दगडासारखी झाली. डॉक्टर इंजेक्शन देऊन दमला. शेवटी शेजारची म्हातारी म्हणाली, तिचं अंगावरचं पातळ नेस आन् बस, म्हशीला डोळ्यापेक्षा नाकाचं जास्त कळतं. ती पडली तेव्हा हेच पातळ तिच्या अंगावर होतं. ते धुवायचं नाही. खुंटीला टांगायचं, धारेच्या वेळी काढायचं. तसं केलं आणि मोरीनं पहिल्याच दिवशी पान्हा सोडला.

आमच्याकडे म्हैस परक्या हाताला लागत नाही तेव्हा गडीमाणसं असं करतात, हे मी लहानपणी बघितलं होतं. पण ती बायको माहेरी गेल्यावर चार दिवस. बायको कायमची गेल्यावर किती दिवस करायचं असतं ते मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी बायका फराळ घेऊन आल्या. इथे डबे दारातून देत नाहीत. आधी गळ्यात पडून हेल काढून रडतात, मग पदराने नाक पुसून चहा पितात, मग जी आली नाही तिच्याविषयी वाईट बोलतात, आणि डबा रिकामा करून घेऊन जातात. मला ही पद्धत बरी वाटली. रडणं निदान एकदाचं होऊन जातं.

नरक चतुर्दशी, कळंब

पहाटे उटणं लावायला कुणी नाही म्हणून दोघांनीही सकाळी उशिरा, साध्या साबणाने अंघोळ केली. फटाक्यांच्या आवाजाला मोरी बिचकत होती. नंतर कळंबला निघालो, इंदापूर तालुक्यात, शेवंताच्या माहेरी. तिच्या मोठ्या भावाचा, तात्यांचा निरोप होता की पहिला सण आहे, दाजींचं तोंड गोड करायचं आहे.

बारामती ओलांडून पूर्वेला गेलं की मुलूख बदलतो. ऊस आहेच, पण मधेमधे डाळिंबाच्या आणि पेरूच्या बागा लागतात. तात्यांच्या पेरूला कागदाच्या पिशव्या बांधल्या होत्या. फळ गोड झालं तरी झाडाला दिसू द्यायचं नाही असा काहीतरी प्रकार. तात्या साखर कारखान्याचे जुने सभासद, बोलणं मोठं, मन बरं. त्यांनी हणमंताला मिठी मारली, टॉवेल-टोपी दिली. मला एक पातळ दिलं. फिकट राखी. दुकानात रंग दुसरे नसतील असं मी समजून घेतलं.

जेवण उत्तम होतं, ते सांगायलाच हवं. पुरणपोळी, येळवणीची आमटी, कुरडई, वर पिवळंधमक तूप. पुण्याच्या चकल्यांनंतर माझ्या जिभेला माणसात आल्यासारखं वाटलं. जेवणानंतर तात्यांची बायको हळदीकुंकवाचं ताट घेऊन बसलेल्या बायकांना कुंकू लावत आली. माझ्या अलीकडच्या बाईला लावलं, पलीकडच्या बाईला लावलं. माझ्यासमोर ताट थांबलंही नाही. त्या बिचारीने मुद्दाम केलं नाही. ती दुसरीकडे बघत होती, आणि तेच जास्त लागलं. ह्यांना कुंकवाचं फारसं कौतुक नव्हतं. "पडलंय, पूस," एवढंच म्हणायचे. तरी लागलं.

त्याच वेळी ओसरीवर तात्यांनी हणमंताचा विषय काढला. इंदापूरच्या अलीकडे एक बाई आहे, नवरा गेलेली, पोरबाळ नाही, भाकरीपुरती कुणीतरी हवीच ना माणसाला. वर्ष झालं की बघू. शेवंताचा सख्खा भाऊ हे बोलत होता आणि बाकीचे मान डोलावत होते. हणमंता पायाच्या अंगठ्याकडे बघत बसला होता.

मी उंबऱ्यातून म्हटलं, "तात्या, माझ्यासाठी बी बघा की एखादा. गॅसची टाकी उचलायला कुणी न्हाय."

तात्यांची बायको ताट घेऊन आत गेली. तात्या हसले, पण त्यांच्या कपाळावर आठी होती. मला बरं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं, कारण आमटी खरंच छान होती आणि पातळ दिलं होतं. बायकोवाचून पुरुषाची आबाळ होते आणि नवऱ्यावाचून बाईची होत नाही, तिची फक्त वाट लागते, असं काहीतरी या लोकांचं गणित आहे. पुण्यातही तेच आहे, फक्त तिथे ते ओसरीवर बोलत नाहीत.

तेवढ्यात हणमंता उठला आणि म्हणाला, "न्हाय जमायचं तात्या. मोरी परक्या बाईच्या हाताला लागायची न्हाय." एवढं बोलून त्याने टोपी घातली. तात्यांना पुढे बोलता येईना. म्हशीपुढे काय बोलणार.

लक्ष्मीपूजन, पुन्हा पणदरे

हणमंताचा मुलगा संदीप बारामतीत राहतो, एमआयडीसीत दुधाच्याच एका कारखान्यात मशिनवर आहे. तो आणि त्याची बायको पूजा दुपारी आले. येताना कंपनीच्या मिठाईचा खोका, नवी चादर, आणि चेहऱ्यावर ठरवून आणलेलं काहीतरी. पूजा चांगली मुलगी आहे. आल्या आल्या पदर खोचून घर झाडायला लागली. मी मदतीला गेले तर म्हणाली, आत्याबाई, तुमी बसा. मग मी बसले.

संदीपने मला विहिरीकडे नेलं आणि मोबाईल दाखवला. त्यात हणमंता होता. पातळ नेसून, पदर डोक्यावर, धार काढताना. कुणीतरी बांधावरून चोरून काढलेलं शूटिंग. खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. ते फिरत फिरत कारखान्यात पोचलं होतं. डबा खाताना लोक संदीपला विचारत होते, काय रे, तुझी नवी आई कशी आहे?

"आत्या, मला लाज वाटती असं न्हाय," तो म्हणाला. त्याला वाटत होती आणि त्याचे डोळेही भरले होते, दोन्ही खरं होतं. "पर हे किती दिवस चालायचं? म्हैस हाताला लागली असंल की आता. आण्णा बघतच न्हायती. तुमी मोठ्या हायसा, तुमी सांगा."

मी म्हटलं, मी सांगणार नाही. पण त्याला चूक म्हणायलाही माझ्याकडे काही नव्हतं. आईचा हसरा फोटो त्याने मोबाईलच्या पाठीवर लावला होता आणि त्याच मोबाईलवर तो व्हिडिओ आला होता.

आम्ही विहिरीवरून परत आलो तेव्हा दोरीवर जुनी चादर, उशांचे अभ्रे आणि जांभळं पातळ वाळत होतं. टिपटिप पाणी गळत होतं. पूजाने संदीपला विचारूनच धुतलं होतं की आपणहून, ते मी विचारलं नाही. ती म्हणाली, लक्ष्मीच्या दिवशी असं कळकट काय ठेवायचं घरात.

हणमंता उसाला पाणी देऊन आला. दोरीपाशी उभा राहिला. पातळाचा काठ हातात धरला, नाकाशी नेला आणि सोडला. मला वाटलं आता हा ओरडणार. मला तर त्या पोरीच्या दोन मुस्काटात द्याव्याशा वाटत होत्या. पण संदीपच बोलला, घाईघाईने, पाठ केल्यासारखं. उद्या सकाळी पातळाशिवाय धार काढायची. मोरीनं दूध दिलं तर पातळ पेटीत घालायचं आणि हा विषय संपला. नाही दिलं तर नेसा खुशाल, मी पुन्हा तोंड उघडणार नाही.

"बरं," हणमंता म्हणाला.

त्या संध्याकाळची धार संदीपने कारखान्यातून आणलेल्या लहान मशिनने काढायचा प्रयत्न केला. मोरीनं मशीन उडवलं, त्याच्या मांडीवर काळंनिळं उमटवलं आणि रेडकानेच काय ते पिऊन घेतलं. मला त्या म्हशीचा अभिमान वाटला. रात्री शेजारी रोषणाई होती. आमच्या अंगणात एकच पणती होती, ती तुळशीपाशी. पातळ वाळलं तरी कुणी काढलं नाही.

पाडवा

पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते. गेल्या वर्षी मी ह्यांना ओवाळलं तेव्हा ह्यांना कुठेसं बँकेत जायचं होतं, आणि हे घड्याळाकडे बघत बसले होते. मी म्हटलंही, जरा बसा की हो नीट. एवढंच. यापेक्षा गोड काही झालं असतं तर मी ते इथे लिहिलं असतं.

पूजाने सकाळी रांगोळी काढली, पाट मांडला, तबकात निरांजन ठेवलं. मग माझ्याजवळ आली. हातात हात घेऊन फार मऊ आवाजात म्हणाली, "आत्याबाई, तुमी जरा गोठ्याकडं बसता का? आण्णांना सोबत बी हुईल." तिच्या आईने फोनवर सांगितलं असणार. मला उठायला वेळ लागला, गुडघे दुखतात. शेवंताच्या चपला घालून मी निघाले. मला बाहेर काढलं म्हणूनच पुढचं सगळं फक्त मी बघितलं, तेवढे तिचे उपकार.

हणमंता गोठ्यात उभा होता. बनियन, पायजमा, डोकं उघडं. मी त्याला म्हटलं, जपून, काल पोराला कशी हाणली बघितलंस ना. त्याने मोरीपुढे पेंड ठेवली, रेडकू सोडलं, ओढून बांधलं. मग खाली बसला. मी खांब धरून उभी राहिले. आता लाथ बसणार, बादली उडणार, याची मी वाट बघत होते. खरं सांगायचं तर ती उडावी म्हणून देवाला विनवत होते.

मोरीनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा पेंड खायला लागली. धार सुरू झाली. जाड, सरळ, न थांबता. बादलीवर फेस चढला. सगळी कास मोकळी झाली तरी तिने पाय हलवला नाही.

मला काही कळेना. काल संध्याकाळी ती इतकी उसळली होती. मग डोक्यात उजेड पडला. संदीपचा हात परका होता. हणमंताचा नव्हता.

"कवापासनं?" मी विचारलं.

तो बादली बाजूला सरकवून तसाच बसून राहिला. "आषाढापासनं," तो म्हणाला. "एकदा इसरून तसाच बसलो हुतो. दिलं तिनं."

"आन् पातळ?"

घरातून पूजाचा आवाज येत होता, नीट बसा, हलू नका म्हणून.

"म्हशीसाठी नेसतो म्हटलं की लोक हसत्यात आन् आपापल्या वाटंनं जात्यात," हणमंता म्हणाला. "माज्यासाठी नेसतो म्हटलं तर मला येड्यात काढतील, आक्का. दवाखान्यात नेतील. दोन वेळा, धारंपुरतं, ती अंगाभवती असायची. तेवढंच व्हतं. कुणाचं काय खाल्लं मी?"

मला रडू आलं नाही. मला फार राग आला. शेवंतावर, ह्यांच्यावर, तात्यांच्या ताटावर, सोसायटीच्या एकाच रंगाच्या कंदिलांवर, धुण्याच्या पावडरवर. घरात ओवाळून झालं होतं, संदीपच्या चपला अंगणात वाजल्या. तो बघायला येत होता. बादली फेसासकट भरलेली होती. त्याने ती बघितली की विषय संपणार होता, पातळ पेटीत जाणार होतं, आणि वर्ष झालं की ती इंदापूरकडची बाई.

मी शेवंताच्या चपलेसकट पाय उचलला आणि बादली पालथी केली.

दूध शेणात गेलं, मुताच्या चरीतून वाहिलं, माझ्या टाचा भिजल्या. हणमंता डोळे फाडून बघत राहिला. दुधावर पोसलेल्या घरात, पाडव्याच्या सकाळी, भरली बादली.

"आक्का..." तो म्हणाला.

"गप बस."

संदीप आला. कपाळाला ताजं कुंकू, त्यावर तांदळाचे दाणे. त्याने बादली बघितली, चर बघितली, आणि माझ्याकडे बघितलं.

"न्हाय दिलं," मी म्हटलं. "थोडं दिल्यागत केलं आन् लाथ मारली. तुझ्या बापाचा गुडघा थोडक्यात वाचला. ते पातळ आण जा."

मोरी शांतपणे रवंथ करत होती. अशी म्हैस लाथ मारून उभी असेल असं कुणालाही वाटलं नसतं, पण संदीपने तिच्याकडे पाहिलंच नाही. तो काल तिच्याकडून मार खाऊन बसला होता, त्याला पटलं. तो स्वतः जाऊन दोरीवरचं पातळ घेऊन आला आणि बापाच्या हातात देताना म्हणाला, "आण्णा, मी परत बोलणार न्हाय." बिचारा शब्दाचा पक्का निघाला. मी आयुष्यात फार थोड्या वेळा खोटं बोलले आहे आणि या खोट्याबद्दल मला अजून वाईट वाटलेलं नाही.

संध्याकाळी हणमंता पातळ नेसून धारेला बसला. पदर घेताना त्याने एकदा वास घेतला आणि तोंड फिरवलं.

"पावडरचा येतोय," तो म्हणाला. "तिचा गेला."

नेसायचं कारण मला वाचवता आलं, वास नाही.

भाऊबीज, परत

भाऊबीजेला मी हणमंताला ओवाळलं. या बाबतीत मात्र बाई सवाष्ण आहे की नाही ते कुणी बघत नाही, भावाला बहीण चालते. पूजानेच पाट मांडला. ओवाळणीत त्याने मोरीच्या तुपाची बरणी दिली आणि बारामतीच्या बाजारात नेऊन माझ्या मापाच्या चपला घेतल्या. शेवंताच्या चपला मी पुसून त्याच्या दारात, होत्या तिथेच काढून ठेवल्या होत्या. एसटी सुटताना तो खिडकीशी उभा होता. पूजाविषयी मी काही बोलले तर म्हणाला, पोर चांगली हाय, तिला कुठं ठावं.

पुण्यात माझ्या गॅलरीतल्या हुकाला माळ तशीच लटकत होती. टेबलावरच्या चकल्यांना वास यायला लागला होता, त्या मी कचऱ्यात टाकल्या आणि डबे घासून ज्याच्या त्याच्या दारात ठेवून आले, लिफ्टचं बटण आधीच दाबून. वॉचमन स्कूटर सुरू करायचं विसरला होता. बॅटरी पार उतरली.

थोड्या दिवसांनी हणमंताला फोन केला. मोरी बरी आहे म्हणाला. पातळाचं विचारलं तर म्हणाला, पावडरचा वास जातोय हळूहळू, शेणाचा, पेंडीचा यायला लागलाय. तिचा न्हाय येत. मी विचारलं, मग? तो म्हणाला, मग काय, नेसतोय.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला बोलावून मी स्कूटरला नवी बॅटरी टाकून घेतली आणि पार्किंगमध्ये खटका दाबून ती सुरू केली. ह्यांचं हेल्मेट आरशाला अडकवलेलं असतं, ते थरथरायला लागलं. सेक्रेटरी फिरायला निघाले होते, धूर हाताने वारत माझ्यापाशी थांबले. म्हणाले, काकू, नवी बॅटरी कशाला टाकलीत, विकून टाका की. चालवणारं कुणी नाही, रोज एवढ्या सकाळी तुम्हाला खाली यावं लागतं. विकली की बॅटरीचा प्रश्नच मिटेल.

"मिटेल ना," मी म्हटलं. "म्हणूनच विकत नाही."